पुसलेल्या टेपा आणि रिमोटवरची बटणं



आजचा विषय आयोजकांनी सुचवला तेव्हा त्यात ‘संरक्षण’ हा शब्द होता. ऑनलाइन स्ट्रीमिंगच्या काळात आपल्या टीव्ही-संस्कृतीचं संरक्षण. विषय आम्ही घेतला, पण या शब्दाशी थोडं भांडूनच पुढे जावं लागणार आहे. संरक्षण म्हटलं की दाराबाहेर कुणी शत्रू उभा आहे आणि घरात आपली चीजवस्तू नीट जपून ठेवलेली आहे, असं आपण धरून चालतो. बाहेर कोण आहे ते नंतर बघू. आधी घरात काय शिल्लक आहे ते बघू या.

समोर साठीच्या आसपासचे बरेच श्रोते दिसतात. तुमच्यापैकी किती जणांनी ‘चिमणराव’ पाहिलंय? बघा, निम्मे हात वर आले. ऑनलाइन ऐकणाऱ्या तरुण मंडळींसाठी सांगतो. चि. वि. जोशी हे बडोद्याला पाली शिकवणारे प्राध्यापक आणि मराठीतले मोठे विनोदकार. त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ज्यांनी ती मालिका पाहिली त्यांच्या डोळ्यांपुढे आजही पुस्तकातला चिमणराव येत नाही, प्रभावळकर येतात. आता समजा, आज रात्री घरी जाऊन तुम्ही ठरवलंत की ही मालिका पहिल्या भागापासून शेवटपर्यंत नातवंडांना दाखवायची. तर ते जमणार नाही. बहुतेक भाग उरलेलेच नाहीत. टेप महाग होती, कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम चढवायचा, अशी त्या काळी रीत होती. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. हा कार्यक्रम पुन्हा कुणाला बघावासा वाटेल, हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातले भाग असेच पुसले आणि त्यातले नव्वदहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत. पण तिकडे लोक शोधत राहिले. परदेशी स्टेशनांना विकलेल्या फिल्मच्या प्रती कुठे कुठे पडून होत्या. २०१३ साली त्यातल्या नऊ भागांचा पत्ता थेट नायजेरियात लागला. आणि हरवलेल्या सगळ्या भागांचा निदान आवाज तरी आहे, कारण प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता! हे ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर मुद्दा असा की नेटफ्लिक्सचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा आपल्या टीव्हीचा पहिला दशकभराचा ठेवा आपणच, आपल्याच इमारतीत, पुसून टाकला. संरक्षणाची भाषा करताना हे विसरून चालत नाही.

आता ‘आपली’ टीव्ही-संस्कृती म्हणजे काय, याकडे येऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’ ही नावं घेतली की सभागृहात एक उसासा ऐकू येतो. आत्ताही आला. त्या कार्यक्रमांची तांत्रिक सफाई बेताचीच होती. बळ होतं ते दुसरीकडे. दूरदर्शनच्या पाठीमागे चालती रंगभूमी होती, मासिकांतून घडलेला विनोद होता, कथाकादंबऱ्यांचं भरलेलं कपाट होतं. नाटकातला नट रविवारी शिवाजी मंदिरला प्रयोग करायचा आणि आठवड्यात स्टुडिओत यायचा. लेखकाला टीव्हीसाठी वेगळं जन्माला यावं लागत नव्हतं.

पण उसासा टाकताना थोडं जपून. त्या सुवर्णकाळात पडद्यावर कोणती मराठी ऐकू येत होती? बहुतेक वेळा मुंबई-पुण्याची, शिकलेल्या, पांढरपेशा घरातली. शेतीचा कार्यक्रम सोडला तर परभणीच्या किंवा भंडाऱ्याच्या माणसाला स्वतःच्या बोलीत काही ऐकायला मिळण्याची शक्यता फार कमी. वाहिनी एकच, बातम्या सरकारी. तेव्हा जपायचं म्हणून कुणी आम्हाला १९७९ सालात परत घेऊन जाणार असेल, तर आम्ही त्या गाडीत बसणार नाही.

उलट, हे आमच्या पिढीच्या समीक्षकाला बोलायला जड जातं, पण बोलीभाषांचं दार उघडलं ते पुढे खासगी वाहिन्यांनी, आणि त्यातही ज्यांना आम्ही नाकं मुरडत आलो त्या रोजच्या मालिकांनी. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झाली. ‘आभाळमाया’ आली, मग ‘वादळवाट’. तिथवर मराठी तशी शहरीच होती. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ आली ती सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या वाड्यात चित्रित झालेली. तिच्यातली माणसं मालवणी बोलत होती आणि नाशिक-सोलापूरकडचं घरही रात्री ते ऐकत बसत होतं. कथानक पुढे ताणलं गेलं, भुताटकीचा मसाला जास्त झाला, सगळं मान्य. पण त्या वाड्यातल्या जेवणाच्या पंगतीतलं टोचून बोलणं कुठल्याही चांगल्या मालवणी नाटकात शोभलं असतं.

त्याच वर्षी ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली. तिची टिंगल करणं सोपं आहे, आम्हीही केली आहे. राधिका नागपूरकडची. सुरुवातीला तिचा वऱ्हाडी हेल हा विनोदाचा भाग होता. शहरातल्या नवऱ्याला लाज वाटावी असा. पुढे ही बाई मसाल्याचा धंदा काढते, मोठी उद्योजिका होते. आणि बोलते कशी? तशीच. लेखकांनी यशाबरोबर तिला पुणेरी शुद्ध बोलायला लावलं नाही. वर्षानुवर्षं रात्री आठच्या ठोक्याला लाखो घरांत हा निर्णय ऐकू जात होता. मराठीत एवढ्या मोठ्या प्रमाणावर बोलीचा असा मान क्वचितच राखला गेला असेल. यावर आम्ही समीक्षकांनी तेव्हा एक तरी धड लेख लिहायला हवा होता. तेव्हा आम्ही नाटकांची आणि सिनेमांची परीक्षणं लिहीत होतो, आणि मालिकांचं पान गॉसिपला सोडून दिलं होतं.

अर्थात भाषा मराठी म्हणून सगळं आपलं, असंही नाही. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली, आणि हिंदीतली ‘अनुपमा’ही तिच्यावरूनच. एक सांगाडा बनवायचा, तो चालला की प्रत्येक भाषेत त्याला साडी नेसवायची. याला वाहिन्यांच्या बैठकीत सुरक्षित गुंतवणूक म्हणतात. अरुंधतीच्या वाट्याला मधुराणी प्रभुलकरांसारखी अभिनेत्री आली म्हणून त्या सांगाड्यात मराठी घराचा श्वास आला. हे नटीचं कर्तृत्व. मूळ कथा सुचणं, ती इथल्या माणसात रुजणं, ही ताकद मात्र वापरली नाही तर गंजते. रंगभूमीवरून टीव्हीकडे येणारी जी वाट आधी सांगितली, ती इथे अरुंद होत गेली. आणि हेही स्ट्रीमिंगने केलेलं नाही.

आता दाराबाहेरच्या पाहुण्याकडे वळू. स्ट्रीमिंगवर मराठी नाहीच, ही ओरड खरी नाही. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘समांतर’ २०२० मध्ये आली. सोनी लिव्हवर २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ आली. परभणी जिल्ह्यातल्या गावाची ती हकीकत, पहिल्या दर्जाच्या नटसंचात, मराठीत. आठवड्याला सहा भाग काढण्याची सक्ती नसली की दिग्दर्शकाला काय काय करता येतं, हे तिथे दिसतं. चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो. पार्श्वसंगीत गप्प बसतं. तीच प्रतिक्रिया तीन वेळा, तीन कोनांतून दाखवत नाहीत. पण एवढ्या चांगल्या मराठी वेबमालिका बोटांवर मोजाव्या लागतात, आणि त्यांत खून, गुन्हा, थरार यांचं पारडं फार जड. आठ भाग एका बैठकीत बघून संपवायचे असतील तर प्रेतापासून सुरुवात करणं सोयीचं पडतं. चिमणरावाच्या घरात प्रेत नव्हतं. एक न जुळणारं लग्न, बोळवण न होणारा पाहुणा, एवढ्यावर त्याचं भागत होतं. असला बिनभांडवली, संथ, घरगुती विनोद आज कुठे दिसतो? थोडाफार यूट्यूबवर, भाडिपासारख्या मंडळींकडे. मोठ्या ॲपच्या पैशाच्या वाटा तिकडे सहसा वळत नाहीत.

आणि हा पाहुणा परदेशीच आहे का? नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार इंडिया आणि व्हायाकॉम १८ यांचं विलीनीकरण झालं आणि स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन स्पर्धक वाहिन्या एका छपराखाली आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या ॲपचंही जिओहॉटस्टार झालं. मालकीत मोठा वाटा भारतीय उद्योगसमूहाचा. मराठी लेखकाच्या बाजूने बघा. काल त्याची गोष्ट एका दारात नाकारली गेली तर तो दुसऱ्या दारात जाऊ शकत होता. आज दोन्ही दारांमागची दिवाणखान्याची खोली एकच आहे. तेव्हा ‘परदेशी कंपन्यांपासून देशी संस्कृतीचं रक्षण’ ही घोषणा आपल्याकडे नीट बसत नाही. ती घोषणा फ्रान्समधून, कॅनडातून आलेली आहे.

त्या देशांनी काय केलं ते मात्र पाहण्यासारखं आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये ठरवलं की स्ट्रीमिंग कंपन्यांच्या यादीत किमान ३० टक्के युरोपीय निर्मिती हवी. फ्रान्सने २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना तिथल्या कमाईचा किमान २० टक्के भाग युरोपीय आणि फ्रेंच निर्मितीत घालायला लावला, आणि त्यातला मोठा वाटा स्वतंत्र निर्मात्यांकडे गेला पाहिजे असंही बजावलं. कॅनडाने एप्रिल २०२३ मध्ये कायदा केला, पुढच्या वर्षी तिथल्या नियामकाने मोठ्या कंपन्यांवर ५ टक्के वर्गणी लावली, कंपन्या कोर्टात गेल्या. टक्केवारीच्या या गोष्टी वर्तमानपत्रांत येतात. आम्हाला जास्त शहाणपणाची वाटते ती कॅनडातली जुनी गुणपद्धत. कार्यक्रम ‘कॅनेडियन’ आहे की नाही हे तो कशाविषयी आहे यावरून ठरत नाही. लेखक कोण, दिग्दर्शक कोण, प्रमुख नट कोण, संकलक कोण, यांना गुण असतात. दहापैकी सहा मिळाले की पास.

हा काटा आपल्याकडे लावून बघा. सध्या एखाद्या ॲपला सांगितलं की मराठीचं प्रमाण वाढवा, तर सगळ्यात स्वस्त उपाय कोणता? डबिंग. कोरियन मालिकेला मराठी आवाज दिला की यादीत एक मराठी मालिका वाढली! डबिंग कलाकारांना काम मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गुणपद्धतीत तिला शून्य मिळेल. आणि ‘आई कुठे काय करते’ला? दिग्दर्शन, अभिनय, संवाद यांचे गुण मिळतील, कथेचे कापले जातील. आम्हाला हा निकाल न्याय्य वाटतो.

मग महाराष्ट्र सरकारने असा नियम करावा, असं कुणी म्हणेल. इथे एक अडचण आहे, ती आपल्या चर्चांत सहसा येत नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात प्रसारण हा विषय केंद्राच्या सूचीत आहे, ३१ क्रमांकावर. चित्रपटगृहं राज्याच्या सूचीत आहेत. म्हणून २०१५ साली मराठी सिनेमांना मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम द्या, असं राज्य सरकार म्हणू शकलं. त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. ॲपच्या बाबतीत मुंबईला तसं म्हणता येत नाही, दिल्लीला जावं लागतं. आणि दिल्लीत प्रसारण विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, २०२४ मध्ये दुसरा मसुदा फिरला आणि ऑगस्टमध्ये मागे घेतला गेला. सगळा वाद झाला तो सरकार कुणाचं तोंड बंद करणार यावर. तो व्हायलाच हवा होता. पण त्यात प्रादेशिक भाषांतल्या निर्मितीचा प्रश्न, लेखक-निर्मात्यांच्या हक्कांचा प्रश्न जवळपास ऐकूच आला नाही. मराठी, कन्नड, बंगाली, ओडिया यांची गाऱ्हाणी खरं तर एकसारखी आहेत. ती एकत्र मांडणारं कुणी नव्हतं.

दुसरा एक छोटा दिसणारा मुद्दा. १९९५ च्या केबल कायद्यातलं आठवं कलम केबलवाल्याला दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवायला भाग पाडत होतं, आणि पुढच्या दुरुस्तीने त्यात राज्याच्या भाषेतली वाहिनीही आली, तीही सहज सापडेल अशा जागी. केबलवाला कुरकुरायचा, पण सह्याद्री दिसायची. आता तुमच्या नव्या टीव्हीचा रिमोट हातात घ्या. खाली चार बटणं असतात, कंपन्यांच्या चिन्हांची. ती जागा विकलेली असते. टीव्ही लावल्यावर पहिल्या पडद्यावर कोणते चौकोन दिसतात, तेही असंच ठरतं. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात यावर बोट ठेवलं. स्मार्ट टीव्हीवर बीबीसी आणि इतर सार्वजनिक सेवा देणाऱ्या वाहिन्यांची ॲप ठळक आणि सहज सापडतील अशी असावीत, अशी तरतूद केली. आपल्याकडे प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात, इफ्फीच्या उद्घाटनाला, ‘वेव्हज’ नावाचं ॲप आणलं. चांगलं झालं. पण ते शोधून, उतरवून, लॉगिन करून घ्यावं लागतं. केबलवाल्यावर जे बंधन होतं ते टीव्ही विकणाऱ्यावर नाही. ज्या आजीला चौथ्या बटणापलीकडे रिमोट चालवता येत नाही, तिच्यासाठी सह्याद्री बंदच झाली म्हणायची.

आता टेपेकडे परत येतो, कारण आमच्या मते खरं दुखणं तिथे आहे.

१९५४ च्या कायद्याने या देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. त्यातलं एक मुंबईत आहे. सांगलीतल्या एखाद्या कवीने स्वखर्चाने छापलेला, शंभर प्रतींचा संग्रहही कायद्याने जपायचा आहे. फार सुंदर गोष्ट आहे ही. सिनेमासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. आणि टीव्हीसाठी? खासगी वाहिन्यांवर नियम आहे तो प्रक्षेपित केलेला मजकूर ९० दिवस ठेवण्याचा. कुणी तक्रार केली तर सरकारला तपासता यावा म्हणून. एक्क्याण्णवाव्या दिवशी तो कुणाचीच जबाबदारी नसतो.

लोक म्हणतात, आता काय चिंता, सगळं ॲपवर आहे. असतं, जोवर हिशेबात बसतं तोवर. करार संपला, कंपनी विकली गेली, सर्व्हरचा खर्च जास्त वाटला, की मालिका यादीतून जाते. पूर्वी टेप पुसली जायची तेव्हा निदान स्टुडिओतल्या एका माणसाला ते ठाऊक असायचं. आता तुम्ही शोधता आणि काहीच मिळत नाही. ती होती की नव्हती, अशीच शंका यायला लागते. आणि ती होती तेव्हा किती जणांनी पाहिली, हेही बाहेर कळत नाही. टीव्हीच्या बाबतीत बार्कचे आकडे दर आठवड्याला येतात. त्यांवर आम्ही हवी तेवढी टीका करू, पण ते दिसतात. ॲपवर एखादी मराठी मालिका किती घरांत शेवटपर्यंत पाहिली गेली, ते कंपनी सांगेल तेवढंच.

फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्याने रेडिओ आणि टीव्हीचे कार्यक्रम पुस्तकांसारखेच जमा करायचे ठरले. संशोधकाला जाऊन बघता येतात. वाईट मालिकाही. आम्ही तर म्हणू, वाईट मालिका विशेषकरून. शंभर वर्षांनी कुणाला जाणून घ्यायचं असेल की २०१८ साली मराठी घरात सासू सुनेशी कशी बोलत होती, निदान कशी बोलते असं दाखवलेलं चालत होतं, तर त्याला पुरस्कारविजेत्या सिनेमापेक्षा साडेआठची मालिका जास्त सांगेल.

म्हणून टक्केवारीच्या मागणीआधी आमची मागणी ही आहे: देशातल्या भाषांमधल्या वाहिन्यांवर आणि ॲपवर जे प्रदर्शित होतं त्याची एक प्रत कायद्याने जमा व्हावी, आणि अभ्यासकांना ती पाहता यावी. हक्क कंपनीचेच राहू देत, पैसेही तिनेच मिळवू देत. याला राष्ट्रीय अस्मिता लागत नाही, साठवणीची जागा आणि एक दुरुस्ती विधेयक लागतं. शिवाय ही मागणी कंपनी देशी की परदेशी हे विचारत नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातातलं एक काम सांगतो आणि थांबतो. ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे व्हीसीआर होता. लग्नाच्या कॅसेटच्या उरलेल्या फितीत कुणी नाटक उतरवून घेतलं असेल, कुणी मालिकेचा एखादा भाग, कुणी आपला भाचा बालकार्यक्रमात दिसला म्हणून तो अर्धा तास. लेबलावर लिहिलेलं असेल ‘सुनीताचं लग्न’, आणि शेवटी भलतंच सापडेल. माळ्यावरचा डबा उघडा. फक्त एक करा, कॅसेट लगेच मशीनमध्ये घालू नका. खिडकीतून आत बघा. फितीच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट चालवली तर फीतही जाईल आणि मशीनचं हेडही. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी लागते. काय सापडलं त्याची यादी करा, तारीख आठवत असेल तर लिहा, मधल्या जाहिराती कापू नका.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.